व्यायाम पाठवलात, आता बघायलाही या

जुलैत शिवथरला पाऊस एकदा लागला की पहाटे धावायला बाहेर पडणं थांबतं. वरंधा घाटाच्या पायथ्याचा हा भाग. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर ही डोंगराच्या कुशीतली गावं. वाटांवर शेवाळ, नदी दुथडी भरलेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्याच तळीये गावावर दरड कोसळली, तेव्हापासून मुसळधार पावसात घराबाहेर पाऊल टाकताना माणूस आधी डोंगराकडे बघतो. प्रत्येक वाडीला व्यायामशाळा नाही. मग व्यायाम होतो तो पडवीत नाहीतर ओटीवर, आणि शिकवायला असतो मोबाइल. मुंबईला असलेला भाऊ जोर-बैठकांचा व्हिडिओ धाडतो, भरतीची तयारी करणारी मुलं आठवड्याचं वेळापत्रक एकमेकांना पाठवतात, माहेरवाशीण मैत्रिणींना पाठदुखीवरचे व्यायाम दाखवते. ही देवाणघेवाण मला मनापासून मोलाची वाटते. पण ती अर्ध्यावरच थांबते. व्यायाम पाठवला जातो; समोरच्याने तो कसा केला, हे कुणी बघत नाही.

शिवथरचं नाव निघालं की घळ आठवते. समर्थ रामदासांनी दासबोध जिथे सांगितला ती ही जागा, धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली शोधून काढलेली. समर्थांनी मारुतीची देवळं उभारली, स्वतः रोज शेकड्यांनी नमस्कार घातले, असं परंपरा सांगते. आज मात्र शाळेच्या मैदानावर किंवा घरातल्या चटईवर आपण जे सूर्यनमस्कार घालतो, ते घरोघर पोहोचण्यामागे एका संस्थानिकाची खटपट आहे, आणि ती आजच्या व्हिडिओवाल्या मित्रांनी मुद्दाम वाचण्यासारखी आहे.

ते होते औंधचे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८ चा. सह्याद्रीपलीकडे, सातारा जिल्ह्यात औंध. बाळासाहेबांची व्यायामाची सुरुवात तालमीत नाही, घरीच झाली, आणि तीही परदेशातून आलेल्या मजकुरावर. युजेन सँडो हा जर्मन पहिलवान तेव्हा युरोपभर गाजत होता. त्याची पुस्तकं आणि साधनं टपालाने जगभर जात. १८९७ च्या सुमारास बाळासाहेबांनी ती मागवली आणि दहाएक वर्षं सँडोच्या पद्धतीने नेमाने मेहनत केली. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून १९०८ पासून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग मागे फिरले नाहीत.

वळल्यावर त्यांनी काय केलं ते महत्त्वाचं. दहा स्थितींचा क्रम पक्का केला, पुस्तक लिहिलं, स्थितींची छायाचित्रं छापली, कोणत्या स्थितीत श्वास घ्यायचा आणि कुठे सोडायचा ते सांगितलं. राणीसाहेब आणि मुलं घरात त्यांच्याबरोबर नमस्कार घालत. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे झाले. म्हणजे पुस्तकातलं चित्र बघून मूल चुकलंच, तर सांगायला मास्तर शेजारी उभे. १९३८ मध्ये लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेलं त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. त्यांचे चिरंजीव, पुढे भारताचे राजदूत झालेले अप्पा पंत यांनीही सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिलं. एका घरातला नेम दोन पिढ्यांत समुद्रापार गेला तो असा.

त्याच काळात व्यायाम लिहून पसरवण्याचं काम दुसरीकडेही चाललं होतं. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. पण याच कुवलयानंदांनी तरुणपणी बडोद्याला प्रोफेसर माणिकराव यांच्या हाताखाली मेहनत केली होती, हे विसरू नये. ज्यांनी व्यायाम कागदावर उतरवला, ते स्वतः कुणाच्या तरी नजरेखाली तयार झाले होते.

ती नजर कशासाठी लागते? जोर काढताना कंबर खाली लोंबते तेव्हा आपल्याला ती सरळच वाटते. बैठक मारताना गुडघे आत वळतात, टाचा उचलल्या जातात, आणि हे करणाऱ्याला कळत नाही. शरीराला आपली ठेवण आतून जाणवते खरी, पण थकल्यावर आणि सवयीमुळे ती जाणीव फसवते. तालमीत वस्ताद दोन बोटं कंबरेला लावून सांगत, 'वर घे.' व्हिडिओ तुम्हाला बरोबर कसं करायचं ते दाखवतो, तुम्ही चुकताय कुठे ते सांगत नाही. चुकीची बैठक दोनदा मारली तर फारसं बिघडत नाही. रोज शंभर, असं महिनोन्‌महिने चाललं तर गुडघा बोलू लागतो.

म्हणून जे मित्र एकमेकांना व्यायाम पाठवतात, त्यांनी परतीचा व्हिडिओ मागावा. पंधरा-वीस सेकंदांचा पुरतो. डोंगरातल्या वाडीत रेंज येते-जाते, तिथे लहान फीतच पोहोचते. जोर आणि नमस्कारांसाठी फोन बाजूला, कंबरेच्या उंचीवर ठेवायचा म्हणजे पाठीची रेघ दिसते. बैठकांसाठी समोर ठेवायचा म्हणजे गुडघे पावलांच्या दिशेत राहतात की नाही ते कळतं. पहिली नाही, शेवटची पाच आवर्तनं पाठवा, कारण चूक तिथेच उघडी पडते. आणि उत्तरात नुसता अंगठा नको. 'टाच उचलतोयस' एवढं एक वाक्य द्या.

पाठवणाऱ्यानेही नुसती फीत पुढे ढकलू नये. आपण हा व्यायाम किती दिवस करतोय, सुरुवात किती आकड्यापासून केली, आधी अंग कसं मोकळं करतो, हे बरोबर लिहावं. जोर लावताना श्वास कोंडून धरू नये, हे तर लिहावंच. कोंडल्याने रक्तदाब एकदम चढतो, आणि ज्याला मुळात तो त्रास आहे त्याला ते धोक्याचं आहे. गरोदर बाई, हृदयाचा आजार असलेला माणूस, नुकतं ऑपरेशन झालेला, यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाचाही व्यायाम लागू करू नये. छातीत आवळल्यासारखं झालं, चक्कर आली, तर तिथेच थांबायचं.

शिवथरसारख्या गावात आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. शहरातला व्यायाम खुर्चीत बसणाऱ्यांसाठी बेतलेला असतो. इथली बाई पावसाळ्यात दिवस-दिवस वाकून भाताची लावणी करते. तिला संध्याकाळी पुन्हा पुढे वाकायला लावणारे, पोट आवळणारे व्यायाम पाठवण्यात काय अर्थ? तिला हवी पालथं झोपून हळूच छाती उचलणारी भुजंगासनासारखी हालचाल, भिंतीला पाठ लावून हात वर नेणं, कंबर मोकळी करणं. महाडच्या औद्योगिक वसाहतीत उभ्याने पाळी करणाऱ्याची गरज वेगळी, मुंबईत लोकलने जाणाऱ्याची वेगळी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवते. लावणीच्या दिवसांत पहिला हिस्सा शेतातच भरून निघतो. राहतो दुसरा, आणि तो दुखऱ्या पाठीला सांभाळून करायचा असतो.

बायका-मुलींचे व्हिडिओ हा नाजूक विषय आहे. असा व्हिडिओ परवानगीशिवाय तिसऱ्याला धाडणं हा विश्वासघातच. चेहरा न दिसेल असा फोन लावावा, एकाच विश्वासाच्या मैत्रिणीला पाठवावा, बघून झाल्यावर तिने तो काढून टाकावा. एवढं पाळलं गेलं तर कित्येक जणी पडवीतल्या पडवीत निर्धास्त व्यायाम करतील.

भरतीवाल्या मुलांशी दोन शब्द. महाड तालुक्याला फौजेची जुनी परंपरा आहे. आंबवडे गाव तर फौजी आंबवडे म्हणूनच ओळखलं जातं. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. पाऊस आहे म्हणून दोन महिने तयारी सोडू नका. पायांची ताकद, पोट-पाठीची पकड, खांद्यांचा व्यायाम हे सगळं छपराखाली होतं. मात्र मोबाइलवरच्या कुणा पिळदार मुलाचा आकडा पहिल्याच दिवशी गाठायला जाऊ नका. गावात एखादा निवृत्त जवान असेल तर आठवड्यातून एकदा त्याला ओटीवर बोलवा, व्हिडिओ बघून बसवलेला व्यायाम त्याच्यासमोर करून दाखवा, आणि तो जे दुरुस्त करील ते त्याच रात्री बाकीच्या मित्रांनाही पाठवा.