गाण्यातून झालेलं विश्व

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आपल्यापैकी बहुतेकांना सिनेमांमुळे माहीत आहे. ती अंगठी, ते बुटके हॉबिट, पांढऱ्या दाढीचा गँडाल्फ. पण या गोष्टीमागे एक अख्खं विश्व आहे, आणि ते कसं झालं हे ‘द सिल्मरिलियन’ या पुस्तकात येतं. लेखक जे. आर. आर. टॉल्किन १९७३ मध्ये गेले. त्यांचे कागद लावून मुलाने, ख्रिस्तोफरने, हे पुस्तक १९७७ मध्ये आणलं.

सुरुवातीला फक्त एरू. त्याला इलुवातारही म्हणतात. तो आपल्या विचारातून आयनूर नावाचे दिव्य जीव निर्माण करतो आणि त्यांना गायला लावतो. त्यांच्यातला सगळ्यात ताकदवान मेल्कोर मध्येच स्वतःचा सूर घुसवतो. गोंधळ होतो. एरू त्याला बाहेर काढत नाही, गाणं पुढे नेतो. मला सगळ्यात आवडलेली जागा इथेच आहे. उल्मोला पाणी प्रिय, मेल्कोरला ते बिघडवायचं असतं, म्हणून तो कडाक्याची थंडी आणतो. त्यातून होतं काय, तर बर्फ! बिघडवायला गेला आणि हिमकण देऊन बसला.

गाणं संपल्यावर एरू त्यांना त्या गाण्याचं दृश्य दाखवतो आणि मग एक शब्द उच्चारतो, ‘एआ’. अर्थ साधारण ‘असो’, म्हणजे हे अस्तित्वात येवो. तेच त्या विश्वाचं नाव. (आपल्याकडे आजी वाद संपवायला ‘असो’ म्हणते, इथे त्याच शब्दाने सगळं सुरू होतं.) आयनूरांपैकी काही जण आत उतरतात आणि बघतात, तर काहीच तयार नाही. डेमो झकास झाला होता, बांधकाम सगळं बाकी! सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं समजवायला नको.

पण टॉल्किन मुळात भाषेचा माणूस, ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक. फिनिशच्या वळणावर एक आणि वेल्शच्या वळणावर दुसरी, अशा एल्फ लोकांच्या भाषा त्याने तयार केल्या. त्या बोलणारं कुणीतरी हवं, म्हणून जग आणि कथा. एस्परांतोसारख्या भाषा मेलेल्याच आहेत, कारण त्यांच्या कर्त्यांनी दंतकथा रचल्या नाहीत, असं त्याने एका पत्रात म्हटलं होतं.

हे वाचताना मला आपलं पांढुर्णा-सौसर आठवतं. १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा वेगळा जिल्हा झाला. घरात मराठी, शाळेत हिंदी, नोकरीत इंग्रजी. शब्द पुष्कळ आहेत, प्रश्न गोष्टींचा आहे. आणि गोष्टी तर आपल्याकडे रचाव्याही लागत नाहीत. जामसावळीला आडवा पहुडलेला हनुमान आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात आणि पांढुर्णा नि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. त्या गोटमारीत माणसं मेली आहेत, तेव्हा तिचं कौतुक मी करणार नाही. पण तिच्यामागची कथा बघा. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन निघाला, दोघं भर नदीत अडकले आणि दोन्ही काठांवरून दगड सुरू झाले. दुसरी कथा म्हणते, प्रेमबिम काही नाही, भोसल्यांच्या सैन्याचा तो सराव होता.

टॉल्किननेही एकेक कथा पाच-पाच वेळा वेगळी लिहून ठेवली. ख्रिस्तोफरला ते सगळे खर्डे छापायला बारा खंड लागले. आपल्या गोटमारीचे खर्डे घराघरांत आहेत, बहुतेक आजी-आजोबांकडे, आणि ते मराठीत आहेत. आमच्या घरी प्रेमाची कथा सांगतात. तुमच्याकडे कोणती सांगतात?