वाळूच्या टेकड्यांवरील क्रौंच

उत्तर अमेरिका खंडाच्या मध्यभागी, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, नेब्रास्का नावाचे एक राज्य आहे. या राज्यातून प्लॅट नदी वाहते. नदीचे पात्र रुंद, पण अत्यंत उथळ आहे. पात्रात जागोजाग वाळूची बेटे असून त्यांच्यामधून पाण्याचे अनेक प्रवाह वेणीच्या पेडांप्रमाणे एकमेकांत गुंतत पुढे जातात. वर्षातील बराच काळ हा प्रदेश शांत असतो. परंतु फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या प्रारंभापर्यंत तेथील आकाश पक्ष्यांनी भरून जाते. दक्षिणेकडून थव्यामागून थवे येतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास नदीच्या पात्रात उतरतात. या अल्पावधीत पाच लाखांहून अधिक पक्षी या नदीकाठी विसावा घेतात. हे पक्षी म्हणजे ‘सँडहिल’ क्रौंच होत.

‘सँड’ म्हणजे वाळू आणि ‘हिल’ म्हणजे टेकडी. नेब्रास्कातील वाळूच्या टेकड्यांवरून या क्रौंचाला हे नाव मिळाले. जगात क्रौंचांच्या एकंदर पंधरा जाती आहेत. त्यांपैकी संख्येने सर्वांत मोठी जात हीच. महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यातील भातखाचरांत आढळणारा सारस हा या पक्ष्याचा जवळचा भाईबंद होय. मात्र सारस जवळजवळ पुरुषभर उंच असतो, तर सँडहिल क्रौंचाची उंची साडेतीन-चार फुटांपर्यंतच असते. त्याचा रंग राखाडी असून कपाळावर तांबडा डाग असतो. पाय काठीसारखे लांब, मान लांब व चोच सरळ असते. पंख पसरले म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे सहा फूट भरतात. उन्हाळ्यात लोहयुक्त चिखल चोचीने पिसांना माखण्याची त्याला सवय आहे. त्यामुळे त्या दिवसांत त्याचे अंग तांबूस दिसते.

या पक्ष्याचा आवाज मोठा विलक्षण असतो. त्याची श्वासनलिका फार लांब असून तिचा काही भाग छातीच्या हाडात वेटोळे घालून बसलेला असतो. त्यामुळे त्याची साद तुतारीसारखी घुमते आणि तीन-चार किलोमीटरांपर्यंत ऐकू जाते. क्रौंचांचे नृत्यही प्रसिद्ध आहे. ते पंख पसरतात, माना लववून एकमेकांपुढे वाकतात, उंच उड्या मारतात आणि गवताच्या काड्या उचलून हवेत भिरकावतात. नर व मादी यांची जोडी एकदा जमली की ती सहसा जन्मभर टिकते.

या पक्ष्यांचा हिवाळा टेक्सास, न्यू मेक्सिको आणि मेक्सिकोचा उत्तर भाग या उबदार प्रदेशांत जातो. विणीसाठी मात्र ते कॅनडात व अलास्कात जातात. काही तर बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून थेट सायबेरियात पोहोचतात. एवढ्या दीर्घ प्रवासासाठी अंगात पुष्कळ चरबी साठवावी लागते. ती शिदोरी त्यांना प्लॅट नदीच्या खोऱ्यात मिळते. सुगीनंतर शेतात राहिलेले मक्याचे दाणे ते दिवसभर टिपतात आणि ओल्या कुरणांत किडे व गोगलगायी शोधतात. रात्री ते नदीच्या उथळ पाण्यात उभे राहूनच झोपतात. कोल्ह्यासारखा एखादा प्राणी पाण्यातून येऊ लागला, तर त्याच्या पावलांचा आवाज होतो आणि सारा थवा सावध होतो. तीन-चार आठवड्यांत पक्ष्यांचे वजन जवळजवळ एकपंचमांशाने वाढते आणि मग ते उत्तरेकडे प्रयाण करतात.

आज लाखांनी मोजला जाणारा हा पक्षी एके काळी अनेक ठिकाणांहून नाहीसा होऊ लागला होता. युरोपातून येऊन स्थायिक झालेल्या लोकांनी मांसासाठी त्याची अनिर्बंध शिकार केली. त्याहून मोठा घाव दलदलींवर बसला. शेतीसाठी चर खणून दलदलींतील पाणी काढून टाकण्यात आले. त्यामुळे घरटी बांधण्याच्या जागाच उरल्या नाहीत. अखेर १९१६ साली स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणासाठी अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ग्रेट ब्रिटन यांच्यात करार झाला. तो अंमलात आणण्यासाठी अमेरिकेने १९१८ साली कायदा केला आणि क्रौंचांच्या शिकारीस बंदी झाली. तरीही पक्षी लगेच वाढले नाहीत. १९३०च्या दशकात विस्कॉन्सिन राज्यात क्रौंचांच्या जेमतेम पंचवीस जोड्या उरल्या असाव्यात, असा अंदाज होता. निसर्गाचे थोर अभ्यासक आल्डो लिओपोल्ड यांनी १९३७ साली या दलदलींवर व तेथील क्रौंचांवर एक निबंध लिहिला. एके दिवशी शेवटच्या क्रौंचाची साद विरून जाईल आणि दलदल कायमची मुकी होईल, ही भीती त्यांनी त्यात व्यक्त केली होती.

सुदैवाने ती भीती खरी ठरली नाही. शिकार थांबली, काही दलदली राखल्या गेल्या, आणि क्रौंच मक्याच्या शेतांत पोट भरण्यास शिकले. पूर्वेकडील प्रदेशांत जेथे मूठभर पक्षी उरले होते, तेथील संख्या आता लाखाच्या आसपास पोहोचली आहे. परंतु पक्षी वाढले आणि त्याबरोबर एक नवा प्रश्न उभा राहिला. जो पक्षी आता दुर्मिळ राहिलेला नाही, त्याची शिकार करू द्यावी की नाही?

मध्य अमेरिकेतील थवे मोठे असल्यामुळे तेथे हा प्रश्न प्रथम निघाला. १९६१ साली न्यू मेक्सिको व टेक्सास या राज्यांच्या काही भागांत शिकारीस पुन्हा परवानगी मिळाली. हळूहळू इतर राज्यांनीही तीच वाट धरली. मिसिसिपी नदीच्या पूर्वेस मात्र बंदी दीर्घकाळ टिकली. तेथे केंटकी राज्याने २०११ साली प्रथम परवानगी दिली. मागाहून टेनेसी व अलाबामा या राज्यांनी दिली. विस्कॉन्सिनमध्ये २०२१ साली विधिमंडळात तसे विधेयक आले. पण त्यावर मोठा वाद झाला आणि त्याचा कायदा झाला नाही. याउलट ज्या नेब्रास्कात सर्वांत अधिक क्रौंच उतरतात, तेथे त्यांच्यावर बंदूक चालविण्यास बंदी आहे. एकाच थव्यातील पक्षी एका राज्यात पाहुणा ठरतो आणि सीमा ओलांडताच सावज ठरतो!

शिकारीचा पुरस्कार करणाऱ्यांचे म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे. ते म्हणतात, की पूर्वीची शिकार अनिर्बंध होती, आजची तशी नाही. हंगाम ठरलेला असतो, परवाना घ्यावा लागतो आणि किती पक्षी मारावेत यालाही मर्यादा असते. केंटकीत तर परवाने सोडत काढून देतात. मध्यभागातील थव्यांची शिकार १९६१पासून चालू असूनही ते थवे घटलेले नाहीत, हे ते आवर्जून सांगतात. शिवाय १९३७ साली झालेल्या एका कायद्यानुसार बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी खर्च होते. तेव्हा शिकारी हा केवळ पक्षी मारत नाही, तर त्यांच्या रक्षणाचा खर्चही उचलतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

शेतकऱ्यांची तक्रारही खोटी नाही. वसंत ऋतूत मक्याला नुकते कोंब फुटतात, तेव्हा क्रौंच तासातून क्रमाने चालत जातात आणि एकेक कोंब उपटून त्याच्या मुळाशी असलेला दाणा खातात. पाहता पाहता शेताचा मोठा भाग उजाड होतो आणि दुबार पेरणी करावी लागते. ज्याचे पीक असे जाते, त्याला क्रौंचाची साद गोड वाटावी अशी अपेक्षा कशी करता येईल?

विरुद्ध पक्षाचा पहिला आक्षेप हिशेबाचा आहे. रानबदकाची मादी एका वेळी आठ-दहा अंडी घालते आणि वर्षभराची होताच विणीस योग्य होते. क्रौंचाची गोष्ट निराळी आहे. त्याची मादी वर्षातून बहुधा दोनच अंडी घालते, आणि त्यांतून पुष्कळदा एकच पिलू मोठे होते. कित्येकदा तेही होत नाही. ते पिलू आठ-नऊ महिने आईबापांच्या सोबतीने राहते आणि स्थलांतराची वाट त्यांच्याबरोबर उडूनच शिकते. त्याला स्वतःची पिले होण्यास आणखी काही वर्षे लागतात. म्हणून बदकांच्या थव्यातील तूट एका हंगामात भरून निघते, पण क्रौंचांच्या थव्यातील तूट भरण्यास वर्षे लोटतात.

दुसरा आक्षेप काळाचा आहे. पिकांचे नुकसान वसंत ऋतूत होते, तर शिकारीचा हंगाम शरद ऋतूत व हिवाळ्यात असतो. शरद ऋतूत मारलेला पक्षी दूरच्या प्रदेशातून आलेला पाहुणाही असू शकतो; वसंतात कोंब उपटणारी जोडी तीच असेल असे नाही. त्यापेक्षा बियाण्यावरच उपाय करणे बरे, असे या लोकांचे मत आहे. पेरण्यापूर्वी बियाण्याला एका विशिष्ट द्रव्याचा लेप दिला, तर क्रौंचाला तो दाणा नकोसा होतो. पक्षी मरत नाही. तो त्याच शेतात हिंडून किडे व सांडलेले धान्य खातो. विस्कॉन्सिनमधील आंतरराष्ट्रीय क्रौंच प्रतिष्ठान ही संस्था १९७३ साली स्थापन झाली. तिने या उपायाचा पुष्कळ पाठपुरावा केला. परंतु लेपाचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो. पक्षी साऱ्या समाजाला हवा असेल, तर त्याच्या घासाची किंमत एकट्या शेतकऱ्याने का द्यावी, हा प्रश्न येथे पुढे येतो. म्हणून हा खर्च सरकारने उचलावा, अशी सूचनाही तेथे झाली आहे.

तिसरा आक्षेप ओळखीचा आहे. सँडहिल क्रौंचांच्याच मार्गाने पांढरा ‘व्हूपिंग’ क्रौंचही प्रवास करतो. १९४१ साली या पांढऱ्या क्रौंचाचे जगात वीस-बावीस पक्षी उरले होते. अनेक दशकांच्या परिश्रमांनंतर त्याच्या मुख्य रानटी थव्यातील पक्षी आता पाचशेच्या वर गेले आहेत. अंधूक प्रकाशात राखाडी कोणता आणि पांढरा कोणता, हे ओळखणे कठीण जाते. २००४ साली कॅन्सस राज्यात शिकाऱ्यांनी अशाच चुकीने दोन पांढऱ्या क्रौंचांवर बंदूक चालविली. त्यामुळे तेथे क्रौंचाची शिकार करू इच्छिणाऱ्याला पक्षी ओळखण्याची परीक्षा द्यावी लागते. खुद्द सँडहिल क्रौंचांतही सर्वांची स्थिती सारखी नाही. मिसिसिपी राज्यातील स्थलांतर न करणारे क्रौंच अतिशय थोडे उरले असून त्यांच्यासाठी १९७५ साली स्वतंत्र आश्रयस्थान स्थापन करावे लागले. ‘पक्षी पुष्कळ आहेत’ हे वाक्य सर्व ठिकाणी सारखेच खरे नसते.

बंदुकीविषयीच्या या वादात एक गोष्ट मात्र विसरता येत नाही, आणि ती म्हणजे पाणी. प्लॅट नदीवर धरणे झाली, कालवे निघाले आणि तिचे पुष्कळसे पाणी शेतांकडे व शहरांकडे वळविण्यात आले. पूर्वी पुराच्या लोंढ्याबरोबर वाळूच्या बेटांवरील रोपटी वाहून जात. आता ती तेथेच मूळ धरतात. त्यामुळे पात्र अरुंद होते, झाडी माजते आणि क्रौंचांना उभे राहण्यास मोकळे पाणी उरत नाही. ज्या क्रौंचाला रात्री विसावा नाही, त्याला शिकाऱ्याने वाचविले काय किंवा मारले काय, शेवट एकच. हे ओळखून तेथील संस्था यंत्रांनी झाडी काढतात व पात्र मोकळे ठेवतात. ऑडुबॉन संस्थेने १९७४ साली या नदीकाठी ‘रो’ अभयारण्य स्थापन केले. दरवर्षी वसंत ऋतूत दूरदूरचे लोक तेथे येतात आणि पहाटेच्या थंडीत, आडोशामागे शब्दही न बोलता उभे राहून लक्षावधी पंखांचे उड्डाण पाहतात.

शिकारी, शेतकरी आणि पक्षिप्रेमी यांचा वाद अद्याप मिटलेला नाही. तथापि या तिघांपैकी कोणालाही क्रौंच नाहीसा व्हावा असे वाटत नाही. शिकाऱ्याला पुढच्या वर्षीही थवा हवा असतो, पक्षिप्रेमीला त्याचे नृत्य हवे असते, आणि शेतकऱ्याला आपले पीक वाचले म्हणजे पुरे असते. पक्षी नष्ट होऊ लागला म्हणजे काय करावे, हे समजणे त्या मानाने सोपे आहे. त्याला वाचवावे, एवढेच त्याचे उत्तर. वाचविलेल्या पक्ष्याबरोबर कसे राहावे, हे ठरविणे अधिक कठीण आहे. त्यासाठी पक्ष्यांची गणना करावी लागते, पिकांच्या हानीचे मोजमाप करावे लागते, एकमेकांचे म्हणणे शांतपणे ऐकावे लागते आणि नदीत पाणी राखावे लागते. क्रौंच स्वतः या वादात बोलू शकत नाही. तो केवळ दरवर्षी आईबापांनी दाखविलेल्या वाटेने येतो, आणि नदी आपल्या जागी आहे की नाही एवढेच पाहतो.