बरोबरीच्या पोटातल्या चुका

1992 साली लंडनमध्ये चेकर्सच्या विश्वविजेतेपदासाठी एक सामना झाला. एका बाजूला होते मॅरियन टिन्स्ली. पेशाने गणिताचे प्राध्यापक, वृत्तीने धर्मोपदेशक, आणि चार दशकांहून अधिक काळात दहा डावही न हरलेले खेळाडू. दुसऱ्या बाजूला होता ‘चिनूक’, कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात जोनाथन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला संगणक-प्रोग्राम. टिन्स्लींनी 4 डाव जिंकले, चिनूकने 2, आणि 33 डाव बरोबरीत सुटले. या सामन्याविषयी जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक सगळं निकाली सहा डावांविषयी असतं. त्या सहांतला एक डाव तर प्रोग्राम मध्येच अडकून पडल्यामुळे चिनूकला सोडून द्यावा लागला होता, म्हणजे त्याच्या निकालाचा पटावरच्या शहाणपणाशी काही संबंधच नव्हता. तरीही गुणफलकावर त्याची किंमत पुरी एक. उरलेले 33 डाव मात्र एका आकड्यात गुंडाळून बाजूला ठेवले जातात. हे उलट व्हायला हवं, असं माझं म्हणणं आहे. चेकर्समध्ये चुका शोधायच्या तर हरलेल्या डावांच्या आधी बरोबरीचे डाव उघडले पाहिजेत, कारण या खेळात शिकण्यासारखी चूक बहुधा तिथेच पडून राहिलेली असते: हातात आलेला आणि कुणाच्या लक्षातही न येता निसटलेला विजय.

बुद्धिबळाच्याच चौसष्ट घरांच्या पटावर हा खेळ चालतो, पण त्यातली फक्त काळी 32 घरं वापरतात. प्रत्येकाकडे 12 सोंगट्या. सोंगटी तिरकी आणि पुढेच सरकते, समोरच्या सोंगटीवरून उडी मारून तिला मारते, आणि मारता येत असेल तर मारावंच लागतं. पलीकडच्या शेवटच्या ओळीत पोचली की सोंगटीचा राजा होतो आणि त्याला मागेही चालता येतं. ज्याच्याजवळ चालच उरत नाही तो हरतो. नियम इतके थोडे आहेत की मूल अर्ध्या तासात खेळू लागतं, आणि त्यामुळेच मोठी माणसं याला पोरखेळ समजतात. पण मारण्याची सक्ती हा नियम फार खोल जातो. आपण एक सोंगटी पुढे केली की समोरच्याला ती घ्यावीच लागते. त्याची इच्छा त्या क्षणी संपते आणि पुढच्या दोन-तीन चाली आपणच त्याच्या हाताने खेळतो. इथे एका घराची चूक पुढे दहा-पंधरा चालींनी उगवते, तोवर ती कुणी केली हे करणाराही विसरलेला असतो.

2007 साली शेफर यांच्या गटाने ‘सायन्स’ या नियतकालिकात जाहीर केलं की चेकर्सचं कोडं सुटलं. दोघांनीही बिनचूक खेळ केला तर डाव बरोबरीतच सुटतो. 1989 पासून मधल्या काही वर्षांच्या खंडासह चाललेलं हे काम होतं, आणि एका वेळी दोनशेपर्यंत संगणक त्यासाठी राबले. या खेळात संभवणाऱ्या मांडण्यांची संख्या 5 वर 20 शून्यं इतकी आहे. त्यांतल्या दहा किंवा त्याहून कमी सोंगट्या उरलेल्या सगळ्या मांडण्या, म्हणजे सुमारे 39 लाख कोटी, त्यांनी एकेक करून ‘जिंकलेली’, ‘हरलेली’ की ‘बरोबरीची’ अशा नोंदवून ठेवल्या. या निष्कर्षाने खेळ मेला अशी हळहळ पुष्कळांनी व्यक्त केली. मला मात्र त्यात चुकीची एक नेमकी व्याख्या सापडते. जी चाल बरोबरीची स्थिती हरलेली करते किंवा जिंकलेली स्थिती बरोबरीची किंवा हरलेली करते, ती चूक. बाकीच्या चाली ओबडधोबड असतील, भित्र्या असतील, पण चुका नव्हेत. या व्याख्येतून लगेच एक गोष्ट निघते आणि माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. बरोबरीच्या स्थितीतून सुरू झालेला डाव एकजण हरला, तर हरणाऱ्याने चूक केली एवढं नक्की कळतं. तो डाव बरोबरीत सुटला आणि त्यात एकाने चूक केली असेल, तर दुसऱ्यानेही केलेलीच असते, नाहीतर डाव बरोबरीवर परत आलाच नसता. बरोबरीत कुणी एकटा चुकलेला असूच शकत नाही. हरलेला डाव निदान एकाला तरी रात्रभर जागवतो. चुकांची फिटंफाट झालेल्या बरोबरीत मात्र दोघेही हात मिळवून उठतात, एकजण वाचलो म्हणून आणि दुसरा चांगला खेळलो म्हणून.

विजय निसटतो तो कसा, हे डावाच्या शेवटी सगळ्यात स्पष्ट दिसतं. एका बाजूचे दोन राजे आणि दुसऱ्या बाजूचा एक राजा एवढंच पटावर उरलं, आणि एकट्या राजाने दुहेरी कोपरा गाठला, म्हणजे जिथे कोपऱ्याला लागून खेळायची दोन घरं असतात तो कोपरा, की नवखा खेळाडू पाठलाग करून दमतो. एकटा राजा त्या दोन घरांत ये-जा करत राहतो आणि शेवटी बरोबरी मान्य होते. प्रत्यक्षात ही स्थिती जिंकलेली असते. दोन राजांनी ठरावीक क्रमाने जवळ येऊन एकट्याला कोपऱ्यातून बाहेर पडायला भाग पाडायचं, एवढीच रीत. तीन राजे विरुद्ध दोन राजे यातही सर्वसाधारणपणे विजय असतो, पण त्यासाठी एकास एक अशी अदलाबदल लादून दोनास एकावर यावं लागतं, आणि आपलाच राजा बळी द्यायला पुष्कळांचा हात धजत नाही. सोंगटी राखण्याची सवय इथे वैरीण होते.

यापेक्षा सूक्ष्म कारण सम-विषमाचं आहे. चेकर्सचे जाणकार त्याला ‘द मूव्ह’ म्हणतात, आपण त्याला चालीचा वरचष्मा म्हणू. दोन राजे समोरासमोर येतात तेव्हा कुणाला मागे सरावं लागणार, हे त्या क्षणी पाळी कुणाची आहे यावर ठरतं. ते आधीच मोजता येतं. ज्याची पाळी आहे त्याच्या स्वतःच्या पहिल्या ओळीतली चार खेळायची घरं ज्या चार उभ्या रांगांत येतात, त्या रांगांतल्या दोन्ही बाजूंच्या सगळ्या सोंगट्या मोजायच्या. बेरीज विषम आली तर वरचष्मा त्याचा, सम आली तर समोरच्याचा. एकास एक अदलाबदल झाली की हा वरचष्मा बहुधा पालटतो. त्यामुळे मधल्या डावात सहज, ‘जरा मोकळं होऊ’ म्हणून केलेली अदलाबदल पंधरा चालींनंतरच्या विजयाचा गळा घोटू शकते. सोंगट्या दोघांच्या सारख्याच, घरंही जवळपास तीच, फक्त पाळी बदललेली. डाव तपासणारा माणूस शेवटच्या पाच चालींत चूक शोधत बसतो आणि ती असते या निरुपद्रवी अदलाबदलीत. म्हणून मला वाटतं की बरोबरीचा डाव तपासताना प्रत्येक अदलाबदलीपाशी थांबून हा हिशेब नव्याने करावा. टिपणात ‘इथे सोंगट्या बदलल्या’ एवढं लिहून पुढे जाणं म्हणजे दुखणं सोडून भलतीकडे मलम लावणं.

चूक नेमकी कुठे झाली हे ठरवणं किती अवघड असतं, याचा उत्तम दाखला 1990 सालचा आहे. टिन्स्ली आणि चिनूक यांच्यात 14 डावांचा एक प्रदर्शनीय सामना झाला. 13 डाव बरोबरीत सुटले आणि एक टिन्स्लींनी जिंकला. त्या डावात चिनूकने दहावी चाल केली तेव्हाच टिन्स्ली म्हणाले की या चालीचा पस्तावा होईल. चिनूक वीसेक चाली पुढचं पाहत होता आणि त्याच्या हिशेबी त्याचीच बाजू वरचढ होती. काही चालींनंतर त्याचा अंदाज समसमानवर आला, मग टिन्स्लींच्या बाजूने झुकला, आणि 36 व्या चालीनंतर डाव सोडून द्यावा लागला. हा डाव एखाद्या मध्यम खेळाडूने तपासला असता तर त्याने तिसाव्या चालीच्या आसपास कुठेतरी बोट ठेवलं असतं, कारण पडझड तिथे दिसते. पण पडझड दिसणं वेगळं आणि पाया खचणं वेगळं. आता उलट कल्पना करा. टिन्स्लींच्या जागी दुसरा कुणी असता, त्याला तो लांबचा रस्ता दिसला नसता आणि डाव बरोबरीत सुटला असता. मग दहाव्या चालीवर कुणी कधी बोट ठेवलं असतं का? चिनूकच्या नोंदीत ती चाल चांगली म्हणून राहिली असती आणि विजय निसटल्याचं विजय घालवणाऱ्यालाही कळलं नसतं. इथे चूक उघडी पडली ती केवळ शिक्षा करणारा समर्थ होता म्हणून.

निकालावरून डावाची पारख करण्यात केवढा धोका आहे, हे त्याआधीही एकदा दिसून गेलं होतं. 1962 साली आयबीएमच्या आर्थर सॅम्युएल यांच्या प्रोग्रामने रॉबर्ट नीली या दृष्टिहीन खेळाडूवर एक डाव जिंकला. सॅम्युएल यांचा 1959 सालचा निबंध यंत्राला अनुभवातून शिकवण्याच्या शास्त्राचा एक आरंभ मानला जातो, त्यामुळे या विजयाचा गाजावाजा होणं स्वाभाविक होतं. यंत्राने चेकर्समध्ये माणसाला मागे टाकलं असा समज त्यातून पसरला आणि बरीच वर्षं टिकला. पण खुद्द नीलींनीच डावावरच्या आपल्या टिपणात प्रांजळपणे सांगितलं होतं की आपल्याला बरोबरी साधण्याच्या एकाहून अधिक संधी होत्या, आणि विजयासाठी यंत्राला काही अचूक चाली शोधाव्या लागल्या. पुढे 1966 मध्ये वॉल्टर हेलमन आणि डेरेक ओल्डबरी या अव्वल खेळाडूंशी गाठ पडली तेव्हा तोच प्रोग्राम हरत गेला. नीलींच्या डावाची चाल-दर-चाल तपासणी लोकांपर्यंत वेळेवर पोचली असती, तर यंत्राच्या तेव्हाच्या ताकदीचा अंदाज इतका फुगला नसता.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. घड्याळ चालू असताना, समोर माणूस बसलेला असताना खेळलेल्या चालीला 39 लाख कोटी मांडण्यांच्या कोशाने तोलणं हा अन्याय नव्हे का? ज्याला जे दिसणं शक्यच नव्हतं ते दिसलं नाही म्हणून त्याला दोषी का धरायचं? याचं माझं उत्तर असं की चूक आणि दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोश सांगतो ती चूक, आणि ती पटाची आहे. दोष ठरवायचा तर खेळाडूला त्या वेळी काय ठाऊक असायला हवं होतं ते पाहावं लागतं. दोनास एक राजांचा विजय न येणं हा दोष आहे, कारण तो शिकता येतो. चाळीस चालींनंतर उलगडणारा विजय निसटणं ही चूक आहे, पण त्यासाठी कुणाला बोल लावता येत नाही. चेकर्सच्या जुन्या टीकाकारांना हा फरक कळत होता. एकच चाल वाचवते किंवा एकच चाल जिंकून देते अशा जागी ते त्या चालीपुढे तारा काढतात. तिला ‘स्टार मूव्ह’ म्हणतात. तारा असलेली चाल चुकणं आणि पाच चांगल्या चाली समोर असताना सहावी वाईट चाल निवडणं यांना एकाच मापाने मोजू नये, हे त्या छोट्याशा खुणेतच सांगितलेलं आहे. कोशाला असा तारा काढता येतो, पण तो तारा माणसाला दिसण्याजोगा होता का, हे कोशाला सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा: कोडं सुटलेलंच आहे, मग माणसाने तपासायचं काय उरलं? इथे ‘सुटलं’ या शब्दाने घोटाळा होतो. 2007 च्या सिद्धतेने सुरुवातीच्या मांडणीचा निकाल दिला. मधल्या डावातल्या प्रत्येक मांडणीचा दिलेला नाही. वीस-बावीस सोंगट्या पटावर असताना एखादी स्थिती खरोखर जिंकलेली आहे की बरोबरीची, हे आजही अनेकदा अंदाजानेच सांगावं लागतं, आणि तो अंदाज बांधायला माणसाचा अनुभव लागतो. शिवाय चिनूकच्या कोशात फक्त निकाल आहेत, अंतर नाही. स्थिती जिंकलेली आहे एवढं तो सांगतो, विजय किती चालींवर आहे ते नाही. केवळ असा कोश हाताशी असलेला खेळाडू विजय न गमावताही त्याच्याभोवती फिरत राहू शकतो. जिंकलेलं आहे हे कळणं आणि जिंकता येणं यांत अंतर आहे, आणि विजय निसटतात ते नेमके याच अंतरात.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. चुकांचा असा काटेकोर हिशेब मांडला तर खेळाडू धास्तावतील, पुस्तकी वाटेने चालतील आणि खेळ सुकून जाईल. हे एकदा घडलेलंही आहे. 1863 साली ग्लासगोत जेम्स वायली आणि रॉबर्ट मार्टिन्स हे दोन दिग्गज विजेतेपदासाठी 40 डाव खेळले आणि 40 च्या 40 बरोबरीत सुटले. त्यांतले कितीतरी तर एकमेकांच्या नकला होते. अशा सामन्यांमुळेच पुढे सुरुवातीच्या चाली चिठ्ठीने ठरवण्याची पद्धत आली, आधी दोन चालींची आणि 1934 पासून अमेरिकेत तीन चालींची. एका चिठ्ठीवर दोन डाव होतात, बाजू बदलून. पण या दाखल्यातून मला वेगळंच दिसतं. खेळ सुकला तो हरण्याच्या भीतीने, आणि ती भीती पोसली हरलेल्या डावांकडेच पाहण्याच्या सवयीने. बरोबरी निर्दोष मानली की सुरक्षित वाट हीच उत्तम वाट ठरते. निसटलेल्या विजयाचीही तितकीच कडक नोंद ठेवली, तर त्या सुरक्षित वाटेचा खर्च दिसू लागतो. तीन चालींच्या पद्धतीत तर तो उघडच दिसतो. कठीण बाजूने जिवाचं रान करून बरोबरी राखायची आणि बाजू बदलल्यावर तीच चिठ्ठी सोयीची असताना विजय सोडायचा, तर निकाल कागदावर समसमान दिसतो, पण खेळाडूने अर्धी कमाई वाटेत सांडलेली असते.

1994 साली बॉस्टनमध्ये टिन्स्ली आणि चिनूक पुन्हा समोरासमोर आले. सहा डाव झाले, सहाही बरोबरीत, आणि प्रकृतीमुळे टिन्स्लींनी माघार घेतली. त्यांना कर्करोग होता. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ते गेले. त्यांच्या जागी डॉन लॅफर्टी चिनूकशी खेळले आणि 1995 च्या सामन्यात 32 पैकी 31 डाव बरोबरीत सुटून एकाच डावाने निकाल लागला. तो एक डाव पुष्कळांनी तपासला. उरलेल्या 31 डावांचे शेवट आता दहा सोंगट्यांच्या कोशाला विचारता येतात, चाल-दर-चाल, आणि कोश जिथे गप्प होतो तिथून मागे पहिल्या चालीपर्यंत प्रत्येक अदलाबदलीपाशी सम-विषमाचा हिशेब माणसाला करता येतो.