तारे मोजावेत की चाचण्या?

पायथन भाषेत काम करणारा प्रोग्रॅमर प्रत्येक गोष्ट स्वतः लिहीत बसत नाही. इतरांनी मोफत खुली केलेली पॅकेजेस तो ‘पायपीआय’ या भांडारातून उतरवून घेतो. त्यातलं भरवशाचं कोणतं, हे कळावं म्हणून २००९मध्ये तिथे गुण आणि शेरे देण्याची सोय झाली. अनेक लेखकांनी तिला कडाडून विरोध केला, वाद मतदानापर्यंत गेला आणि पुढे ती सोय काढून टाकण्यात आली.

गुणांची पहिली अडचण संख्येची. एकाच माणसाने मत दिलं आणि ते चांगलं असलं, तर पसंती १०० टक्के. दुसऱ्या पॅकेजला १००पैकी ९० जणांनी पसंत केलं, तर ९० टक्के. नुसत्या टक्केवारीत पहिलं पॅकेज पुढे जातं. यावरचा उतारा गणितज्ञ एडविन विल्सन यांनी १९२७मध्येच मांडला होता. मतं कमी असतील तेव्हा खरी पसंती निदान किती धरावी, हे त्यांच्या सूत्रातून काढता येतं. ९५ टक्के खात्रीचा निकष लावला, तर पहिल्याच्या वाट्याला जेमतेम २१ टक्के येतात आणि दुसऱ्याच्या ८३.

दुसरी अडचण सूत्राने सुटत नाही. ‘चालत नाही, एक तारा’ एवढ्यावरून लेखकाने दुरुस्त काय करायचं? बिघाड पॅकेजमध्ये होता, की वापरणाऱ्याच्या जुन्या आवृत्तीत?

पर्ल भाषेच्या ‘सीपॅन’ भांडाराला याचं उत्तर सापडलं. तिथे नवं पॅकेज आलं की जगभरातले स्वयंसेवक आपापल्या संगणकांवर त्याच्या चाचण्या चालवतात. बहुतेक काम आपोआप होतं. अहवालात निकाल असतो, ‘पास’ किंवा ‘फेल’. शिवाय पर्लची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम आणि नेमकी कोणती चाचणी कुठे अडली, हेही असतं. लिनक्सवर सुरळीत चालणारं पॅकेज विंडोजवर फाइलचा मार्ग लिहिण्याच्या पद्धतीमुळे कोसळत असेल, तर लेखकाला ते घरबसल्या कळतं.

ही पॅकेजेस लिहिणारे बहुतेक जण फावल्या वेळात, विनामोबदला राबतात. त्यांच्या कामाची परतफेड करायची असेल, तर आवृत्ती, संगणक आणि चूक जशीच्या तशी नोंदवून त्यांच्यापर्यंत पोहोचवावी. अशा एका नोंदीने झालेली दुरुस्ती ते पॅकेज वापरणाऱ्या सगळ्यांच्या उपयोगी पडते.