सोळा दुव्यांची साखळी

या साखळीची बांधणी उलटी होते. फेनिलॲलनीन हे तिचं शेवटचं अमिनो आम्ल, पण ते आधी रेझिनच्या बारीक मण्यांना जोडलेलं असतं. तळाला जाळी असलेल्या काचेच्या नळीत हे मणी घालून वर डीएमएफ हे द्रावक ओतलं, की ते फुगतात. मग ग्लायसीन, मग सिस्टीन, असं एकेक पाऊल मागे जात सोळाव्या टायरोसिनपर्यंत पोहोचायचं. तयार होणाऱ्या पेप्टाइडचं नाव एओडी-९६०४. मानवी वाढ-संप्रेरकात १९१ अमिनो आम्लं असतात; त्यांतला १७७ ते १९१ हा शेपटाकडचा तुकडा आणि त्याच्या पुढे एक टायरोसिन.

ही घन-आधाराची पद्धत ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ साली मांडली. आता यंत्रंही हे काम करतात, पण हातानं केल्याशिवाय त्यातला धोका कळत नाही, असं माझं मत आहे. प्रत्येक दुव्याला तोच क्रम: पिपरिडीननं साखळीच्या टोकावरचा संरक्षक गट काढा, धुवा, पुढचं आम्ल जोडा, पुन्हा धुवा. मग चार-दोन मणी काढून निनहायड्रिनबरोबर तापवायचे. निळे झाले तर काही टोकं अजून मोकळी आहेत, म्हणजे जोडणी पुन्हा करायची. रंगहीन राहिले तरच पुढे जायचं. आयसोल्युसीन आणि व्हॅलीन शेजारी येतात तिथे मी नेहमी जास्त वेळ देतो. दोघांच्या फांद्या एकमेकांना अडवतात. दर जोडणी ९८ टक्के यशस्वी झाली तरी पंधरा जोडण्यांनंतर पूर्ण साखळ्या उरतात जेमतेम ७४ टक्के. बाकीच्या एखादा दुवा गाळलेल्या किंवा अर्धवट.

ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्लानं साखळी मण्यांवरून सुटते आणि थंडगार इथरमध्ये पांढरा साका बसतो. त्यानंतर दोन सिस्टीनमध्ये गंधकाचा पूल बांधायचा. द्रावण मुद्दाम खूप पातळ ठेवावं लागतं, नाहीतर एका रेणूचं सिस्टीन शेजारच्या रेणूला धरतं. पूल जमला की दोन हायड्रोजन जातात आणि रेणूचं वस्तुमान दोनने घटून सुमारे १,८१५ होतं. पुढे एचपीएलसी या घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर चुकीच्या साखळ्या वेगळ्या काढायच्या आणि द्रावण गोठवून सुकवायचं. कुपीत उरते पिंजलेल्या कापसासारखी हलकी पूड. तिच्या वजनातही थोडं पाणी आणि आम्लाचा क्षार असतो.

हा रेणू मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधनातून आला. लठ्ठ उंदरांमध्ये चरबी घटली, म्हणून माणसांवर चाचण्या झाल्या. २४ आठवड्यांच्या मोठ्या चाचणीत वजन अपेक्षेइतकं उतरलं नाही आणि २००७ साली लठ्ठपणावरचं औषध म्हणून त्याचा विकास थांबला. २०१३ मध्ये ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने खेळाडूंसाठी तो निषिद्ध असल्याचं स्पष्ट केलं.

तरी ‘फक्त संशोधनासाठी’ अशा चिठ्ठीच्या कुप्या ऑनलाइन विकल्या जातात आणि माणसं त्या स्वतःला टोचून घेतात. गाळलेल्या दुव्याची पूडही पांढरीच दिसते. आत काय आहे हे डोळ्यांना कळत नाही, आणि शुद्ध माल असला तरी वजन उतरवण्याचा पुरावा त्याच्यामागे नाही. अशी कुपी कुणी देऊ केली तर घेऊ नका.