कारखान्याची लवचिकता कोठे वसते?

मागणी चढली की माणसे घ्यावीत आणि उतरली की त्यांना निरोप द्यावा, ही मुभा ज्या कारखानदारास आहे त्याचाच कारखाना लवचिक, हा समज आपल्याकडे फार रूढ आहे. मुंबईच्या गिरणगावात बदली कामगार रोज सकाळी फाटकाशी उभा राही आणि जॉबरची, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाची, मर्जी झाली तरच त्याला पाळी मिळे. या समजुतीप्रमाणे ती पद्धत आदर्शच ठरावी. वस्तुतः तिने हजेरीपटावरील संख्या तेवढी भरून निघे. आज या साच्यावर तर उद्या त्या साच्यावर जाणाऱ्याच्या हातात कसब मुरावे कसे?

महागडी संगणकचालित यंत्रे आणली की मालात विविधता येतेच, असे मानणाऱ्यांनी रामचंद्रन जयकुमार यांचे १९८६ चे संशोधन पाहावे: साधारण एकाच तोलाच्या यंत्रप्रणालीवर अमेरिकी कारखाने सरासरी १० प्रकारचे सुटे भाग काढीत, तर जपानी कारखाने ९३. अंतर पडले ते ती यंत्रे हाताळणाऱ्यांच्या शिक्षणामुळे.

कामगार संघटना म्हणजे लवचिकतेच्या वाटेतील धोंड, हा तिसरा समज, आणि त्याचे खंडन कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे झाले. गैरहजेरी आणि बेबनाव यांसाठी बदनाम झालेला तेथील जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ साली बंद पडला. १९८४ साली टोयोटाच्या भागीदारीत ‘नुमी’ या नावाने तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा बहुतांश कामगार जुनेच होते आणि संघटनाही तीच होती. पालटली ती कामाची व्यवस्था. पूर्वी कामांचे ऐंशीहून अधिक वर्ग होते. आता उत्पादनासाठी एकच वर्ग राहिला, आणि लहान गटातील प्रत्येकाने गटाची सर्व कामे शिकून ती आळीपाळीने करावीत असे ठरले. मोबदल्यात, निकराची वेळ आल्यावाचून कपात होणार नाही, असे कंपनीने करारनाम्यात लिहून दिले. १९८८ च्या सुमारास मोटारींची मागणी घटली, तेव्हा कोणालाही न काढता त्या कामगारांना प्रशिक्षणास आणि कामाच्या सुधारणेस लावण्यात आले. सारे मर्म येथेच आहे, कारण आपण सुचविलेली सुधारणा आपल्याच पोटावर येणार नाही अशी ज्याची खात्री असते, तोच दोघांचे काम एकाने कसे उरकावे हे मोकळेपणाने सांगतो.

हंगामी कामगार सर्वथा त्याज्य आहेत असे माझे म्हणणे नाही. सणासुदीचा भार त्यांच्यावाचून निभत नाही. परंतु पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखानदारांना विनंती एवढीच की, कंत्राटाची मुदत भरली म्हणून एखाद्यास फाटकाबाहेर धाडण्यापूर्वी त्याला किती यंत्रे चालविता येतात, याची नोंद एकवार काढून पाहावी.