ससा खाईनासा झाला तर

निर्मळच्या तळ्याकाठी फेरफटका मारून परतल्यावर नातवंडांच्या सशापुढे कालचेच गवत पडलेले दिसले, तर संध्याकाळची वाट पाहू नये. सशाचे आतडे सतत चालते राहावे लागते; १२ तासांचा उपवासही जिवावर बेतू शकतो. पोट फुगून टणक लागले, तर काहीही न भरवता त्याला तडक पशुवैद्यांकडे न्यावे.

पोट मऊ असल्यास पशुवैद्यांना फोनवर विचारून घरीच भरवता येते. त्यासाठी महागडी परदेशी पूड हवीच असे नाही. त्याचे नेहमीचे दाणेदार खाद्य मिक्सरमधून अगदी बारीक करून कोमट पाण्यात पेजेइतके पातळ कालवावे. आपले हात थरथरत असतील तर सशाला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यावे. उताणे मात्र कधीही धरू नये, घास श्वासनलिकेत जातो. बिनसुईची सिरिंज पुढच्या दातांमागे, गालाच्या बाजूने सरकवून अर्धा-अर्धा मिली सोडावा, आणि गिळेपर्यंत थांबावे. वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिली, दिवसातून चार वेळा. घाई इथे घातक ठरते.

दूध, पोळी आणि आपल्या डब्यातील गोळ्या वर्ज्य. सुके गवत समोर असू द्यावे. लेंड्या किती पडल्या, हे आपल्या औषधांच्या वहीतच टिपावे. पशुवैद्य पहिल्यांदा तेच विचारतात.